वसुली अधिकाऱ्याचा डबा

चुकून गेलेला बेकारभत्ता परत आणावा तो वू जेहाननेच, असं त्याच्या कार्यालयात सगळे म्हणायचे. म्हणजे मुख्यतः वू जेहान म्हणायचा! "खाऊन बसलो हो साहेब, आता आणू कुठून?" असं कुणी रडलं, की त्याचं उत्तर तयार असे: "खाल्लं असेल तर ओका." वर्ष सरत आलं होतं आणि टेबलावर एकच फाईल उरली होती. प्यो गुमरे, वय एकसष्ट.

गुमरेकाकू कामाला होत्या तो समुद्री शेवाळ वाळवायचा कारखाना बंद पडला आणि त्यांना भत्ता सुरू झाला. मग कुणीतरी निनावी अर्ज केला, की भत्ता चालू असताना ही बाई गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका खानावळीत दोन दिवस किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालत होती आणि जाताना दोन डबे घेऊन गेली. नाव गुप्त ठेवूनही अशा अर्जाला आमच्याकडे सरकारी बक्षीस मिळतं, त्यामुळे प्रत्येक खिडकीला पडदा कमी आणि डोळे जास्त. काम लपवलं, सबब नऊ लाख वॉन परत करा, अशी नोटीस घेऊन जेहान निघाला.

अंगणात दीडशे कोबी मीठ लावून निथळत होते आणि चार बायका लाल रबरी हातमोजे घालून बसल्या होत्या. जेहानने घसा साफ केला. "मी रोजगार कार्यालयातून आलोय."

"आलात का एकदाचे!" गुमरेकाकू म्हणाल्या.

वॉर्डाच्या कचेरीने एकट्या बायकांना मदतीला माणूस पाठवतो असं कबूल केलं होतं. आता कुठल्या कचेरीचा ते कोण विचारत बसतंय? बघता बघता जेहानच्या हातांत मोजे चढले, गळ्यात फुलाफुलांचा एप्रन आला आणि पुढ्यात मुळ्यांचा ढीग. 'अहो, मी' म्हणायला त्याने तोंड उघडलं, की कुणीतरी त्यात मसाला माखलेलं कोबीचं पान कोंबायचं, आत एक कालव घालून. भरल्या तोंडाने वडीलधाऱ्यांशी बोलायचं नाही, ही आईची शिकवण. बिचारा चार तास मुळे किसत राहिला. आणि खरं सांगायचं तर बरे किसले.

शेवटी उकडलेल्या डुकराच्या मांसाचं ताट आलं, बायका खाण्यात गुंतल्या, तेव्हा त्याने मसाल्याच्या बोटांनी नोटीस काढली. काकूंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. नऊ लाख होतेच कुठे? गेल्या थंडीत ते घर उबदार ठेवायच्या तेलात जळून गेले होते.

"साहेब, ते काम नव्हतं हो. ती खानावळवाली ही काय, समोर बसलीय. ती माझ्याकडे येते, मी तिच्याकडे जाते. जाताना डबा द्यायचाच असतो."

"हातात मोजे चढले की काम, आणि हातावर काही पडलं की मजुरी," जेहान म्हणाला. हे वाक्य तो दहा वर्षं म्हणत आला होता, पण कोपरापर्यंत लाल मोजे घालून प्रथमच. चारही बायका त्या मोज्यांकडे बघत राहिल्या. तो ओशाळला आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, "हप्त्याहप्त्याने दिलंत तरी चालेल, काकू."

निघताना काकूंचे डोळे भरले होते, तरी त्यांनी किमचीचा डबा पुढे केलाच. राबलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. जेहानला फार लाज वाटली. पण डबा घेतला!

सोमवारी टेबलावर निनावी अर्ज. अक्षर तेच, सोबत फोटो. 'एका इसमाने एप्रन घालून प्यो गुमरे यांच्या घरी चार तास काम केले व मजुरीचा डबा नेला. इसम भत्ता घेत असल्यास चौकशी व्हावी. बक्षीस कधी मिळेल?'

वरिष्ठ ग्वाकबाईंनी फोटोकडे बघितलं, मग जेहानकडे. बाहेर मजुरी केल्याचा खुलासा द्या, म्हणाल्या. जेहानने घाम पुसत लिहिलं: 'हे काम नव्हे. किमची घालताना लोक एकमेकांना हातभार लावतात आणि जाताना डबा मिळतो. ती मजुरी नसते, रीत असते.'

ग्वाकबाईंनी त्या खुलाशाची एक प्रत काढून गुमरेकाकूंच्या फाईलला टाचली. फाईल बंद, नऊ लाख माफ! "पण ज्यांची फाईल आपल्याकडे, त्यांच्याकडून मुळ्याची फोडसुद्धा घ्यायची नसते," त्या म्हणाल्या. "डबा परत करून या."

"बाई, अर्धा आम्ही खाऊन बसलो. आता आणू कुठून?"

हे आपण बोललो, हे जेहानला जरा उशिराच कळलं. तोवर अख्खं कार्यालय खोकायला लागलं होतं.

संध्याकाळी तो काकूंच्या दारात उभा राहिला. फाईल बंद झाल्याचं आधी सांगितलं. काकू पायरीवर बसल्या आणि आनंदाने पोटभर रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी डब्याचं झाकण काढलं, आत डोकावून बघितलं.

"राहिलेलं हप्त्याहप्त्याने दिलंत तरी चालेल, साहेब."