वरच्या मजल्यावर मी

वयाच्या बहात्तराव्या वर्षी माझ्यासारखी तब्येत कोणी दाखवावी, असं मी आमच्या इमारतीत कोणालाही ऐकवू शकतो आणि ऐकवतोही. सकाळी दात घासताना मी एका पायावर उभा असतो. वरचे दात डाव्या पायावर, खालचे उजव्या. मग पाच-पाच किलोची दोन वजनं घेऊन वीस वेळा हात वर. वजनंही ऐरीगैरी नाहीत. मी चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. दुकानासमोर नुसता उभा राहिलो तरी दुकानदाराचा अंगठा पारड्यावरून आपोआप खाली यायचा. इलेक्ट्रॉनिक काटे आले, खात्याने जुनी लोखंडी वजनं मोडीत काढली, तेव्हा त्यातली ही पाच किलोची आठ मी रीतसर विकत घेतली. त्यांच्यावरची मुद्रा माझ्याच हातची आहे.

हे सगळं सुरू का केलं तेही सांगून टाकतो, नाहीतर शेजाऱ्यांकडून तिखटमीठ लावून कळेल. सहा महिन्यांपूर्वी मी न्हाणीघरात पडलो. लागलं काही नाही, पण उठता येईना. बायकोने काखेत हात घालून ओढलं, तर तीच माझ्या शेजारी येऊन बसली. दीड तास आम्ही दोघं ओल्या फरशीवर, तिची पाठ बादलीला आणि माझी भिंतीला. शेवटी कामवाल्या बाई त्यांच्याकडची किल्ली लावून आत आल्या आणि आम्हाला एकेक करून उभं केलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली आणि तिने निकाल सुनावला. "बाबा, आणखी एकदा असं झालं तर हे घर बंद. दोघंही माझ्याकडे."

मुलगी प्रेमळ आहे, जावई सज्जन आहे, आमच्यासाठी त्यांनी एक खोलीसुद्धा ठेवली आहे. तिला एक खिडकी आहे आणि खिडकीसमोर भिंत आहे. या घरात आमची एकेचाळीस वर्षं गेली. मला इथेच मरायचं आहे, आणि तेही अजिबात घाई न करता.

"मी परत पडणारच नाही," मी जाहीर केलं. बायको नुसती मला डोक्यापासून पायापर्यंत निरखत राहिली.

तर आता मूळ प्रकार. आमच्या डोक्यावरचं, तिसऱ्या मजल्यावरचं घर वर्षभर बंद आहे. तिथे घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ एकटे राहायचे. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. एक दिवस ते स्वयंपाकघरात पडले आणि दोन दिवस तसेच पडून राहून गेले. आम्ही बरोबर त्यांच्या खाली होतो, तरी कळलं नाही. ते मला अजून टोचतं. त्यांचा पुतण्या परदेशात असतो आणि मी सोसायटीचा सचिव, म्हणून किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असते, कुलपात.

एका मंगळवारी दुपारी चार वाजता मी एकटाच घरात होतो. बायको रोज चार ते पाच मैत्रिणीकडे जाते. मैत्रिणीचे गुडघे दुखतात, तेवढीच तिला सोबत. आणि वर काहीतरी पडलं. धप्प. मग काहीतरी जड फरशीवरून ओढत नेल्याचा आवाज, स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत, सावकाश. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धप्प.

मी खण उघडला. किल्ली जागच्या जागी होती.

बुधवारी तेच. गुरुवारी आवाजाबरोबर बोलणंही ऐकू आलं, दबलेलं, एकच शब्द पुन्हा पुन्हा. परत पडणार नाही अशी शपथ घेतलेल्या माणसाने स्टुलावर चढू नये, पण मी चढलो आणि छताकडे कान केला.

"उठा," वर कोणीतरी म्हणत होतं. "उठा. उठा ना."

घड्याळजींना त्या दोन दिवसांत कोणीतरी नेमकं हेच म्हणायला हवं होतं. स्टुलावरून मी कसा उतरलो ते मला आठवत नाही.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. "उंदीर असतील," ती म्हणाली.

"उंदीर 'उठा' म्हणतात?"

"डॉक्टर तुमच्या कानाला यंत्र लावायचं म्हणत होते, ते मनावर घ्या."

पुढच्या आठवड्यात घरातून माझ्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. आधी चॉकलेटी स्वेटर. मग जुनी पँट, पट्ट्यासकट. मग टोपी. आणि मग माझी वजनं. शनिवारी आठाची सहा झाली, मंगळवारी चार. बाकी कशातही माझी चूक होईल, वजनांत होणार नाही. पण हे बोलायचं कोणाकडे? "बाबांना आवाज ऐकू येतात, बाबा वस्तू कुठे ठेवतात ते विसरतात," एवढं मुलीच्या कानावर गेलं की त्या भिंतीसमोरच्या खिडकीत माझी खुर्ची मांडलीच म्हणून समजा. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. शेवटची दोन वजनंही गेली तेव्हा पाण्याच्या बादल्या उचलायला लागलो.

त्यानंतरच्या एका गुरुवारी रस्त्यापलीकडच्या शिलाईवाल्या बाईंनी मला हटकलं. "काय हो, काल चारच्या सुमाराला एवढा हात केला, तर ढुंकूनही बघितलं नाहीत?"

"कुठे?"

"वर खिडकीत बसला होतात की. घड्याळजींच्या."

"मी नव्हतो."

"अहो, तुमचा तो चॉकलेटी स्वेटर मीच रफू केलाय, मी ओळखणार नाही का?" मग त्यांचा आवाज खाली आला. "टोपी पुढे ओढली होती तुम्ही. पण मान अशी एका बाजूला पडली होती. बरं वाटत नव्हतं का?"

मला पायाखालची फरशी मऊ झाल्यासारखी वाटली. नको तो विचार डोक्यात शिरला आणि हलेना. न्हाणीघरात पडलो त्या दिवशी मी उठलोच नसेन तर? मी इथे रोज एका पायावर दात घासतोय, आणि खरा मी वरच्या मजल्यावर बसलोय, मान टाकून. मी मुद्दाम वॉचमनसमोर जाऊन उभा राहिलो. त्याने दोन दिवसांची रजा मागितली. म्हणजे अजून दिसत तरी होतो.

शुक्रवारी चार वाजता वर धप्प झालं आणि मी किल्ली घेऊन जिना चढलो. चोवीस पायऱ्या. रोज दोनदा चढतो असं मी सगळ्यांना सांगतो, त्या दिवशी खरोखर चढलो. किल्लीची गरजच पडली नाही. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत उन्हाचा एक पट्टा पडला होता. भिंतीवर घड्याळजींची सात-आठ घड्याळं, सगळी वेगवेगळ्या वेळांना थांबलेली. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, फरशीवर, मी पडलो होतो. पालथा. चॉकलेटी स्वेटर, जुनी पँट, टोपी. एक हात अंगाखाली दुमडलेला, अगदी न्हाणीघरात दुमडला होता तसाच.

मी स्वतःची नाडी बघितली. लागत होती, पण कोणाची ते कळेना. मी तिथल्या तिथे फतकल मारून बसलो, माझ्यापासून हातभर अंतरावर.

आतून बायको आली. साडी खोचलेली, कपाळावर घाम, हातात पाण्याचं भांडं.

"आलात?" ती म्हणाली. "मला वाटलंच होतं, एक दिवस येणार."

"हा कोण?"

"तुम्ही." तिने पायाने त्याचा खांदा सरळ केला. आतून लोखंडाचा आवाज आला. "चिंध्या आणि तुमची वजनं. पुतण्याला फोन करून विचारलं, दुसरी किल्ली करून घेतली. खाली तुमच्यासमोर कसं करणार?"

"पण काय करतेस काय?"

"उचलते." ती माझ्यासमोर उकिडवी बसली, आणि मला एकदम दिसलं, ती किती सहज बसली ते. "आधी नुसती घड्याळजींची गादी ओढली, मग दहा किलो. आता चाळीस होतात. तुम्ही अजून अठ्ठावीस किलो लांब आहात."

मी वजन कायम अडुसष्ट सांगत आलो आहे. खरं चौऱ्याहत्तर आहे. अशा वेळी माणसाने कबूल करावं, म्हणून केलं. तिने मनातल्या मनात बेरीज केली आणि उसासा टाकला.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "तुम्ही दीड तास मला तराजूचे किस्से सांगत होतात, मी घाबरू नये म्हणून. मी सगळा वेळ एकच मोजत होते, की हे मला का उचलता येत नाहीत. पुन्हा तसं बसायचं नाही मला." मग डोळे पुसून म्हणाली, "आता खाली बसलाच आहात, तर आडवे व्हा."

आडवा झालो. तिने मला कुशीवर वळवलं, एक गुडघा दुमडायला लावला, खुर्ची पुढे ओढली. "हात खुर्चीवर. उठा." पहिल्यांदा जमलं नाही. "उठा ना." दुसऱ्यांदा खुर्चीच सरकली. तिसऱ्या वेळी तिने कमरेला हात घातला आणि मी उभा होतो. स्वतःच्या पायांवर, तिच्या खांद्यावर. मला रडू आलं. मी ते खोकल्यात घातलं.

आणि तिथे उभं असताना एक साधा प्रश्न डोक्यात आला. सहा महिने दात घासताना, हात वर करताना, इमारतभर फुशारक्या मारताना तो एकदाही आला नव्हता.

"आणि तू पडलीस तर?"

तिने स्वेटरवाल्याला भिंतीशी टेकवून ठेवला आणि खिडकी लावून घेतली.

आता रोज चार वाजता आम्ही दोघं वर जातो. पहिला अर्धा तास मी आडवा होतो, दुसरा अर्धा तास ती. तिचं वजन सत्तावन्न किलो, ते मी काट्यावर स्वतः बघितलंय. सगळं तिने शिकवलं तसंच करतो, कूस, गुडघा, खुर्ची, कंबर. अजून जमलेलं नाही. जमेल. ती फरशीवर पडून शांतपणे वाट बघते, फार घाई करत नाही. परवा मी खुर्ची कुठल्या कोनात लावावी याचा विचार करत होतो, तेवढ्यात तिला चक्क झोप लागली.