बुंदीची कवायत

कवायतीनं उतरणार नाही असं पोट देवानं अजून घडवलेलं नाही, हे यशवंतराव मास्तरांचं ठाम मत होतं, आणि कुणी विचारलं नाही तरी ते सांगत. पांढुर्ण्याच्या शाळेत ते बारा वर्षं कवायत शिकवत होते. त्यांचं स्वतःचं पोट पट्ट्यावरून जरासं पुढं डोकावत असे, पण तो म्हणे दमाचा साठा होता. कवायतीच्या माणसाला तो बाळगावा लागतो.

छप्पन सालचा नोव्हेंबर होता. राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं, आणि आपली राजधानी एकाएकी भोपाळला जाऊन बसली. पाठोपाठ मास्तर मंडळींत बदल्यांच्या याद्यांचं वारं सुटलं. यशवंतरावांचं नाव मुरैन्याच्या यादीत आहे अशी बातमी होती. शाळेच्या नकाशावर मुरैना शोधताना त्यांचं बोट वर वर सरकत ग्वाल्हेरच्याही पुढं गेलं, तेव्हा त्यांनी नकाशा गुंडाळून ठेवला.

त्यांना गाव सोडणं शक्यच नव्हतं. बायको उर्मिला जाम नदीपलीकडच्या सावरगावची, आईबापांची एकुलती एक. तिच्या वडिलांना सगळे दादाजी म्हणत. दादाजींची संत्र्याची दोनशे झाडं होती आणि डोळे अधू झाले होते. बाग हे दोघं नवराबायकोच सांभाळत. मास्तर मुरैन्याला गेले तर बागेचं काय आणि म्हाताऱ्याचं काय, या विचारानं उर्मिलाबाईंना झोप लागेनाशी झाली होती.

अशात शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले. रघुनाथराव त्यांचं नाव. सोबत पत्नी रजनीबाई, आणि रजनीबाईंच्या मांडीवर त्यांची कुत्री. पिल्लू म्हणून आणली तेव्हा एवढीशी होती म्हणून नाव ठेवलं बुंदी. आता पाच वर्षांत तिचा चांगला मोतीचुराचा लाडू झाला होता. पाय होते, पण ते वाकून पाहावे लागत.

"साडेचौदा शेर भरते," साहेब खिन्नपणे म्हणाले. "नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दहावर आणा, नाहीतर काळजावर ताण येईल. आणि आम्हाला तर उद्याच भोपाळला निघायचंय. हिच्याकडं पाहणार कोण?"

यशवंतराव एक पाऊल पुढं आले आणि त्यांनी टाच आपटली. "मी पाहतो, साहेब."

"दोन महिन्यांनी आम्ही तिला न्यायला येऊ. तोवर होईल?"

"एका महिन्यात दहा शेर. दुसरा महिना आपला असाच, शोभेला."

साहेब खूश झाले. ती मुरैन्याची गोष्ट मास्तरांनी हळूच काढली. "बुंदीला दहावर आणा," साहेब म्हणाले, "मी भोपाळात तुमच्या नावापुढं पांढुर्णा लिहवून घेतो." मास्तर घरी आले ते बदली रद्द झाल्यासारखेच.

त्यांनी बुंदीचं वेळापत्रक फळ्यावर लिहिलं. पहाटे पाचला शिट्टी. नदी ओलांडून सावरगाव, सावरगावला वळसा, परत. संध्याकाळी पुन्हा तेच. जेवण म्हणजे चतकोर भाकर आणि पाणीदार ताक.

उर्मिलाबाईंनी फळा वाचला आणि कमरेवर हात ठेवले. "अजी, मुक्या जिवाले चतकोर भाकर, अन् तुमी तिच्यासमोर पिठलं-भात हाणसान? माह्या घरात हे पाप चालनार नाई. ते खाईन तेच तुमी खा."

"खातो. मले काय भेव आहे?" मास्तर म्हणाले. दमाचा साठा होताच.

दुसऱ्या दिवसापासून पथक निघालं. पुढं हात हलवत, शिट्टी फुंकत मास्तर, वीस पावलं मागं बुंदी. मास्तर मागं वळून कधी पाहत नसत. पथकाकडं वळून पाहणारा नायक पथकावर अविश्वास दाखवतो, असा त्यांचा नियम होता. बुंदी कधी मागं राहायची, पण घराशी पोचेपर्यंत हजर असायची, आणि तिच्या तोंडावर मोठं समाधान असायचं. मेहनतीचं समाधान, मास्तर उर्मिलाबाईंना सांगत.

आठ दिवसांनी त्यांनी तिला जिनिंगच्या काट्यावर नेलं. तिथला तोलणारा चिंधू. त्यानं कापसाचं बोचकं उतरवून बुंदीला ठेवलं. "मास्तर, पावनेसोळा."

"चरबीचं मांस होऊन राह्यलं," मास्तर शांतपणे म्हणाले. "मांस जड असते. शास्त्र आहे ते."

त्याच्या पुढच्या आठवड्यात साडेसोळा भरले. काटा कापसाच्या सवयीचा आहे, त्याला कुत्र्याची समज नाही, असं मास्तरांनी ठरवलं. चिंधूनं काट्याची बाजू घेतली नाही, पण मास्तरांकडं मात्र दोनदा नीट पाहिलं. मास्तरांचा सदरा खांद्यावरून उतरायला लागला होता.

तिसऱ्या आठवड्यात सावरगावात मास्तरांच्या पायात काटा मोडला. तो काढायला ते खाली बसले, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांची नजर मागं गेली. पथक आळीतल्या जयवंताबाईंच्या अंगणात होतं. समोर पितळी, पितळीत भाकर, भाकरीवर तूप. जयवंताबाई पुढ्यात बसून प्रेमानं कुस्करून देत होत्या.

"बाई, हे काय करून राह्यल्या?" मास्तर लंगडत धावले.

"कुत्र्याची भाकर देऊन राह्यली," जयवंताबाई म्हणाल्या. "पयली गाईची, शेवटची कुत्र्याची. तुमच्या पांढुर्ण्यात रीत नाई का?"

"पण तिचं वजन कमी कराचं आहे."

"पाहुनी ना ते? पाहुनीचं वजन कमी करतेत? या आळीत बारा घरं आहेत, मास्तर. बाराही घरून भाकर देतो आमी तिले. दोन टाइम. सावरगावात कोनी उपाशी जात नाई."

बारा दुणे चोवीस, असा हिशेब मास्तरांच्या डोक्यात आपोआप झाला. त्यांच्या स्वतःच्या पोटात तेव्हा चतकोर होती.

ते नदी ओलांडून आले ते सावरगावला पुन्हा न जाण्याच्या निश्चयानं. पण बातमी त्यांच्या आधी नदी ओलांडून आली होती. पांढुर्णा आणि सावरगाव पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत एकमेकांची डोकी फोडतात आणि उरलेलं वर्ष एकमेकांच्या लग्नात जेवतात. पण 'पांढुर्णेवाले पाहुणीला उपाशी ठेवतात आणि सावरगाव तिला पोसतं' हे बोलणं गोट्यापेक्षा जोरात लागलं. बाजारातले धान्याचे व्यापारी भैय्याजी स्वतः दुकानातून उतरले.

"मास्तर, गावाचं नाक कापू नका. त्यायनं भाकर दिली तं आपुन खवा देऊ."

दुसऱ्या दिवसापासून बुंदी बाजारातून फिरली की गल्लोगल्ली ताटल्या बाहेर येऊ लागल्या. मास्तर डगमगले नाहीत. त्यांनी पुठ्ठ्याची पाटी केली आणि बुंदीच्या गळ्यात अडकवली: 'डिप्टीसाहेबांची कुत्री. खाऊ घालू नये.'

इथं मास्तरांचं थोडं चुकलं. पाटीचं दुसरं वाक्य कुणी वाचलंच नाही. पहिलं मात्र दोन दिवसांत साऱ्या तालुक्यातल्या शाळांत पोचलं. ज्या ज्या मास्तराचं नाव यादीत होतं त्याला कळलं, की साहेबांच्या घरचं माणूस, माणूस नसलं तरी घरचं, पांढुर्ण्यात मुक्कामाला आहे. सौंसरचे वसंतराव गुरुजी पेढ्यांचा पुडा घेऊन मोटारीनं आले. लोधीखेड्याचे हेडमास्तर घट्ट बासुंदीचा डबा घेऊन आले. तिगावच्या एका गुरुजींनी तर बुंदीपुढं बसून मुरैन्याच्या हवेनं आपल्या आईचा दमा कसा वाढेल ते अगदी सविस्तर सांगितलं. बुंदीनं बर्फी खाऊन होईपर्यंत सगळं ऐकून घेतलं.

"दार बंद कर व," मास्तर बायकोला म्हणाले.

"अन् लोक काय म्हनतीन? दारी आलेल्या मास्तरायले चहाबी नाई पाजला?" उर्मिलाबाई म्हणाल्या. मग खाली बसून त्यांनी बुंदीच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांचा आवाज बदलला. "मलेबी समजते जी. हे नाई उतरली तं बाबाची बाग गेली. पन आता माहं मनच होत नाई तिचं ताट उचलाले."

संक्रांत आली. नदीच्या दोन्ही काठांनी बुंदीला तिळगूळ दिला.

मग साहेब आले. रजनीबाई टांग्यातून उतरून धावल्या. बुंदीही धावली, म्हणजे धावायचं मनात आणून जागीच हलली. सगळे मिळून जिनिंगवर गेले. मास्तरांनी काट्याकडं न पाहता समोर सरळ नजर लावली. हरलेल्या पथकाच्या नायकानं असंच उभं राहायचं असतं.

"पावनेवीस शेर," चिंधू म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "सायब, आता मास्तरले तोलू का? मी त्याइले लय दिवसापासून पाहून राह्यलो."

मास्तर काट्यावर चढले. दिवाळीला ते ब्याऐंशी शेर होते. आता एकोणसत्तर भरले.

साहेबांनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली. "पट्टा किती भोकं आत आला?"

"चार, साहेब. पाचवं मोचीकडून पाडून घेतलं." आणि मग मास्तरांना खोटं बोलवेना. "पण कुत्रीचं काम माझ्याच्यानं झालं नाही. कबूल करतो. माझं मुरैना तुम्ही लिहून टाका."

"झालं नाही कसं?" साहेब म्हणाले. "तेरा शेर उतरले. कुठून का उतरेनात."

रजनीबाईंनी बुंदीला हाक मारली. बुंदीनं शेपटी हलवली आणि ती उर्मिलाबाईंच्या लुगड्याआड जाऊन बसली. रजनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या हसल्या. "भोपाळला आम्हाला दोनच खोल्या मिळाल्यात. इथं अख्खं गाव आहे तिला. राहू दे तिला उर्मिलाबाईंपाशी."

मास्तरांना आनंद लपवता येईना. कुत्री पांढुर्ण्यात म्हणजे आपणही पांढुर्ण्यात, हे उघडच होतं. त्या रात्री ते दोन महिन्यांनी पोटभर पिठलं-भात जेवले आणि दादाजींना म्हणाले, "मामाजी, बागीची काळजी सोडा. सायब आपला मानूस आहे."

पंधरा दिवसांनी भोपाळहून पत्र आलं. साहेबांनी शब्द टाकला होता. दोन महिन्यांत स्वतःचं शरीर असं घडवून दाखवणारा कवायत शिक्षक खेड्यात कुजू नये, म्हणून यशवंतरावांची बढतीवर नेमणूक झाली होती. मुरैना जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांची कवायत त्यांच्या हाताखाली दिली होती. खाली साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'बुंदीची आणि बागेची काळजी घ्यायला उर्मिलाबाई समर्थ आहेत. आपण निश्चिंत मनानं निघावं.'

पांढुर्ण्याच्या फलाटावर उर्मिलाबाई डोळे पुसत उभ्या होत्या, पायाशी बुंदी. गाडी आत आली. मास्तर डब्यात चढले, ट्रंक सरकवली, खिडकीतून छाती पुढं काढली.

"रडू नको व. सहा महिन्यांच्या वर राहत नाई मी तिथं. तिथल्याबी सायबाकडं कुत्रं असनच."

"असलं," उर्मिलाबाई म्हणाल्या, "तं त्याले पोटभर जेवू घालजा. बाकी काई करू नका."