अडकलेली घंटी आणि फिका चहा

१९८३ साल. मी एकोणसाठ वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, पण अक्कल कलेक्टरएवढी असा माझा समज. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये बॉयलरवर होतो.

आमच्या शेजारचे वासुदेव गुरुजी, रिटायर झालेले विज्ञानाचे मास्तर, रोज सकाळी मिलवर येऊन माझ्या राखेच्या ढिगात छडी खुपसत. पांढरी निघाली की "पास". काळी निघाली की "अर्धवट जळलं, धर्माजी." दुसऱ्याची राख तपासणारा असा माणूस मी आणखी पाहिला नाही. बायको कॅन्सरनं गेल्यापासून ते त्याच रोगाची पुस्तकं मागवून वाचत, आणि चहा फिका, बिनसाखरेचा पीत. फिका का, ते विचारायची सोय नव्हती.

वाफ हवी म्हणून वरून घंटी वाजली की भट्टीत भाताचा भुसा टाकायचा, एवढंच माझं काम. एकदा घंटीची दोरी अडकली. घंटी थांबेना, म्हणून मीही थांबलो नाही. का वाजते हे विचारणं माझ्या इज्जतीत बसत नव्हतं. भट्टी कोंबून भरली. वाफ कमी, धूर जास्त, बाहेर काळ्या भुशाचा ढीग. मालक बोंबलत आला. गुरुजी मात्र खूश. म्हणाले, कॅन्सरची पेशी अशीच. वाढ म्हणणारी घंटी अडकते, मग ती साखर ओढत सुटते, अर्धवट जाळते, उरलेल्या मालातून नव्या पेशी बांधते. अन् माल येत राहिला की घंटीलाही जोर चढतो.

मी त्यातली साखर तेवढी उचलली. कारण गालात तंबाखू धरायच्या जागी एक जखम महिनाभर भरत नव्हती, आणि हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. साखर बंद, रोग उपाशी, नागपूरच्या डॉक्टरचं तोंड पाहायला नको. चार महिने गूळ नाही, पुतणीच्या लग्नात बुंदी नाही. तंबाखू चालूच होती. ती कुठं गोड असते?

एका सकाळी राखेपाशी मीही फिका चहा घेतलेला गुरुजींनी पाहिला. मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं आणि तोंड उघडून दाखवलं. जखम सुपारीएवढी झाली होती. गुरुजी राखेतच बसले.

"तू तोंडानं साखर सोडली. तो रोग तुह्या हाडामांसातून ओढून राहिला. घंटी अडकली आहे, बाबू. ते काम डॉक्टरचं. उद्या नागपूर."

मी येत नाही म्हणालो. माझी मान वाकत नाही, हे अख्ख्या मिलला माहीत होतं.

गुरुजी छडीनं राख उकरत राहिले. मग हळूच म्हणाले, "मीबी असाच शहाणा होतो. तिची साखर बंद केली. शेवटच्या दिवशी तिनं गोड चहा मांगला, अन् मी नाही देल्ला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमसर रोड स्टेशनवर नागपूरच्या गाडीची वाट पाहताना मी दोन चहा सांगितले, दोन्हींत साखर जास्त. गुरुजी कपाकडे नुसते पाहत बसले.

"प्या, गुरुजी," मी म्हणालो. "गार होऊन राहिला."