अरे-तुरेची शिकवणी

कोरियातल्या चांगवॉनच्या पंप कारखान्यात निर्यात विभागाचे प्रमुख असलेले नामगुंग हो-सिक खात्याच्या जेवणाला एकदा सोजू दारूचा पेला उंचावून म्हणाले, की पुढच्या वेळी परदेशी गिऱ्हाईक येईल तेव्हा दुभाष्या बोलवायचा नाही. इंग्रजीत बोलायला आपण समर्थ आहोत. तव्यावर डुकराचं मांस करपत होतं, तरी सगळ्यांनी आधी टाळ्या वाजवल्या. उम जी-हे ही खात्यातली सर्वांत धाकटी. तिनं दोन्ही हातांनी साहेबांचा पेला पुन्हा भरला आणि साहेबांना काय अशक्य आहे, असं म्हणाली. तिचं स्वतःचं इंग्रजी अस्खलित होतं, पण ते साहेबांना कळू न देण्याइतकी ती हुशारही होती.

नामगुंगना हे शौर्य सुचलं ते उगाच नाही. संचालकाची एक खुर्ची रिकामी झाली होती. जो परदेशी बाजार काबीज करील तो तिथं बसेल, असं चेअरमन प्यो यांनी बोलून दाखवलं होतं. नामगुंगनी मनातल्या मनात त्या खुर्चीची उंचीसुद्धा कमी-जास्त करून पाहिली होती.

त्यांनी फोनच्या पडद्यावरून इंग्रजी शिकवणारी एक संस्था गाठली. शिक्षिका मिळाली फिलिपीन्समधल्या इलोइलो गावची, जोव्हेलिन नावाची. रोज सकाळी कारखान्याच्या आवारात गाडी उभी करून, काचा वर करून नामगुंग शिकायला बसत. घरी शिकायची सोय नव्हती, कारण बायको आणि मुलगी दाराआडून हसायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी तिचं वय विचारलं. ती त्यांच्या निम्म्या वयाची निघाली, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे अहो-जाहो करायला नको. पण इंग्रजीत शिरताच ते हादरले. चेअरमनलाही ‘यू’, शिपायालाही ‘यू’ आणि दारातल्या कुत्र्यालाही ‘यू’! असली भाषा बोलणारी माणसं घरात एकमेकांना मान कसा देतात, हे त्यांना उमजेना. म्हणून आपण हिच्याकडून भाषा घ्यायची आणि बदल्यात हिला संस्कृती द्यायची, असं त्यांनी ठरवलं.

देणं जोरात सुरू झालं. एक वाक्य इंग्रजीत सुरू व्हायचं, तिसऱ्या शब्दाला चिखलात रुतायचं आणि पुढचा सगळा रस्ता कोरियनमधून कापायचा. कोबीची किमची जेजू बेटावर कशी घालतात आणि आपल्याकडे कशी, हाताखालच्या माणसांना वठणीवर कसं आणायचं, हल्लीची पोरं कशी बिघडली आहेत, सगळं ते तिला ऐकवायचे, आणि ऐकवायचे ते खात्यातल्या माणसांशी बोलतात त्याच थाटात. “जेवलीस का? नीट ऐक, दोनदा सांगणार नाही. डोकं घरी ठेवून आलीस काय?”

जोव्हेलिन अर्थ विचारायची, ते खुशीत हातवारे करून समजावून सांगायचे. शिक्षिकेनं वर्गात कोरियन बोलायचं नाही असा संस्थेचा दंडक होता. त्यामुळे ती ऐकून घ्यायची आणि घरी कपडे धुताना तेच मोठ्यानं घोकायची. तिचा कान असा तिखट, की शब्दांबरोबर दक्षिणेकडचा रांगडा हेलसुद्धा तिनं जसाच्या तसा उचलला. विद्यार्थ्यांना नाउमेद करायचं नाही, हा संस्थेचा दुसरा दंडक. तेव्हा नामगुंग काहीही बोलले तरी ती “व्हेरी गुड, सर” म्हणायची. नामगुंग ते खात्यात येऊन सांगायचे, आणि खातं टाळ्या वाजवायचं.

वर्ष उलटलं आणि गिऱ्हाईक आलं. तेही इलोइलोचंच, शेतकऱ्यांची एक मोठी सहकारी संस्था. दुभाष्याला कळवू का, असं जी-हेनं हळूच विचारलं. साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती प्रश्न गिळून जागेवर जाऊन बसली. इकडे त्या संस्थेलाही कोरियन जाणणारं माणूस हवं होतं, आणि गावात त्या भाषेचा गंध असलेली एकच मुलगी होती. जोव्हेलिननं नामगुंगना ही बातमी इंग्रजीतून तीन वेगवेगळ्या सकाळी सांगितली. तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावून “येस, येस” केलं. ती हवामानाबद्दल बोलते आहे, असा त्यांचा समज होता.

बैठकीच्या दालनात पाहुण्यांच्या मागोमाग ती शिरली, तेव्हा नामगुंगना फोनमधलं चित्र पाय फुटून आल्यासारखं वाटलं. पण माघार घ्यायची वेळ गेली होती. टेबलाच्या टोकाला चेअरमन प्यो बसले होते. सत्तरी उलटलेले, मितभाषी. कारखान्याचा पहिला पंप त्यांनी तरुणपणी स्वतः आखला होता आणि अजून तोच खपत होता. नामगुंग उठले, छाती काढली आणि इंग्रजीत म्हणाले, “मी सर नामगुंग.” जोव्हेलिन त्यांना रोज सर म्हणायची, तेव्हा ते आपलंच इंग्रजी नाव असणार, असा त्यांचा हिशेब होता. नंतर त्यांनी “व्हेरी गुड” म्हटलं. नंतर काही म्हटलंच नाही. पाहुणे वाट पाहत राहिले.

जोव्हेलिनला त्यांची दया आली. हा माणूस संकटात आहे, याची विद्या यालाच उपयोगी पडू दे, असं तिला मनापासून वाटलं. ती उभी राहिली, चेअरमनकडे पाहून गोड हसली आणि खणखणीत कोरियनमध्ये म्हणाली, “काय रे प्यो, जेवलास का?”

दालनात सुई पडली असती तरी ऐकू आली असती. पण पाडायची हिंमत कोणात होती? दोन संचालकांनी डोळे मिटून घेतले. जोव्हेलिनला वाटलं, आपलं ऐकतायत. तिला हुरूप आला.

“नीट ऐक, दोनदा सांगणार नाही,” ती म्हणाली. “तुझा पंप आमच्या गाळात अडकतो. दर पावसाळ्यात अडकतो. कोणी बनवला हा? डोकं घरी ठेवून आला होता काय?”

पाहुण्यांना भाषा कळत नव्हती, पण समोरचे पांढरेफटक चेहरे दिसत होते. आपली पोरगी भलतीच खमकी निघाली, म्हणून ते खूश झाले.

चेअरमननी हातातलं पेन खाली ठेवलं. हे कोरियन कोणाकडून शिकलीस, एवढंच विचारलं. जोव्हेलिननं अभिमानानं हात केला. “ह्याच्याकडून. आमच्या हो-सिककडून.”

चेअरमननी नामगुंगकडे पाहिलं नाही. त्यांनी भिंतीशी बसलेल्या निर्यात विभागाकडे पाहिलं. तुमचे साहेब तुमच्याशी असंच बोलतात का, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी अदबीनं खाली पाहिलं. शेवटी जी-हे उठली, कमरेत वाकली आणि अत्यंत नम्र भाषेत म्हणाली, “नाही साहेब. बाई फार सौम्य बोलतात.”

चेअरमनच्या घशातून कसलासा आवाज आला. ते हसताहेत हे कळायला संचालकांना वेळ लागला, आणि मग तेही हसले. पंप गाळात अडकतो का, हे चेअरमननी प्रत्येक संचालकाला विचारलं. एक म्हणाला, आपल्या पंपाला क्वचित विश्रांती घेण्याची इच्छा होते. दुसरा म्हणाला, गाळालाच आपल्या पंपाचा सहवास सोडवत नाही. “म्हणजे अडकतो,” चेअरमन म्हणाले, आणि त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला. दुपारपर्यंत ते जोव्हेलिनशेजारी बसून पंपाच्या तोंडावरच्या जाळीची भोकं कागदावर काढत होते. ती त्यांना “अरे, असं नाही, तसं” सांगत होती आणि ते “बरं” म्हणत होते.

सौदा झाला. रिकाम्या खुर्चीचा विषय कोणी काढला नाही. यापुढे पाहुण्यांशी बोलणी जी-हे करील, एवढंच ठरलं. पण साहेबांशेजारून जाताना तिच्या पावलांचा आवाज बदलला होता, असं नामगुंगना वाटलं.

संध्याकाळी पाहुण्यांसाठी माशाच्या रश्श्याचं जेवण होतं. नामगुंग टेबलाच्या कोपऱ्यात जोव्हेलिनसमोर येऊन बसले. येणार असल्याचं आधी का नाही सांगितलंस, असं त्यांनी विचारलं. सांगितलं होतं, ती म्हणाली. ते माशाचे काटे एका रांगेत लावत राहिले. मग इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “खरं सांग. मला इंग्रजी कितपत येतं?”

इंग्रजीत तिच्यापाशी या प्रश्नाची पुष्कळ गोड उत्तरं होती. पण प्रश्न कोरियनमध्ये होता, आणि त्या भाषेत तिला एकाच तऱ्हेनं बोलता येत होतं.

“तुला? काही येत नाही रे,” ती मायेनं म्हणाली.

नामगुंगना संताप यायला हवा होता. पण हेल अचूक होता, क्रियापद जागच्या जागी होतं आणि वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच सापडत नव्हतं. वडीलधाऱ्यांसाठी राखायचं ते माशाचं डोकं त्यांनी मुकाट्यानं तिच्या वाटीत वाढलं.