दोन किलो आठशे ग्रॅम

"बाबा, उद्या सकाळी दहाला गाडीला गिऱ्हाईक येतंय. आज निघायचं तर निघा, नाहीतर गाडी गेली समजा," लेकीने चहाचा कप टेबलावर आदळत सांगितलं.

निरीक्षकांनी आधी सांडलेला चहा पुसला. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं दुकानादुकानांतले काटे तपासून ते निवृत्त झाले होते, आणि एकदा तपासलेलं पुन्हा तपासल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. निवृत्त होताच त्यांनी एक जुनी मालवाहू गाडी घेतली, तिच्यात झोपायला फळी, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली आणि बायकोला शब्द दिला, "आता तुझं तळं बघायला जायचं." डोंगरापलीकडचं ते तळं तिने लग्नाआधी एकदा बसच्या खिडकीतून पाहिलं होतं. बस थांबली नव्हती.

या गोष्टीला सात वर्षं झाली. गाडी अजून अंगणातच होती. बायको मात्र मागच्या वर्षी गेली.

उशिराचं कारण म्हणजे मासिकं. माहितीशिवाय निघणं निरीक्षकांना मंजूर नव्हतं, आणि एकाच ठिकाणची माहिती म्हणजे त्यांच्या मते अफवा. म्हणून गाडीतून भटकणाऱ्यांची दोन मासिकं, एक जाडजूड त्रैमासिक आणि मोटार क्लबचं पत्रक असं सगळं घरी येऊ लागलं. नियम असा की तिघांचं एकमत झालं तरच गोष्ट खरी. एक म्हणे तळ्याकाठी पाणी पिण्याजोगं आहे, दुसरं म्हणे उकळूनही पिऊ नका, आणि तिसऱ्यात नेमकी त्या पानावर टायरची जाहिरात. निरीक्षकांनी संपादकांना पत्र घातलं, तळ्याकाठी सावली आहे का म्हणून. उत्तर आलं ते बायको गेल्यानंतर महिन्याने. 'प्रिय वाचक, भरपूर सावली आहे.' वरातीमागून घोडं म्हणतात ते हे.

खरं तर शेजारीच एक ट्रकवाला राहत होता. आठवड्यातून दोनदा तो त्याच तळ्यावरून ट्रक नेई. "साहेब, मी सांगतो ना रस्ता," असं तो कितीदा म्हणाला असेल. निरीक्षक त्याला ऐकवत, "तोंडी माहिती. तारीख नाही, अंक नाही." काखेत कळसा असून हा माणूस सात वर्षं गावाला वळसा घालत राहिला.

त्यातच एका अंकात लेख आला की प्रवासात किलोकिलोचा हिशेब हवा. मग काय, माकडाच्या हाती कोलीतच. निरीक्षकांनी वही काढली आणि गाडीत जाणारी एकेक वस्तू काट्यावर चढली. बायकोची घडीची कापडी खुर्ची काट्यावरून उतरली ती बाहेरच राहिली.

"अहो, कंबर धरते माझी. खाली बसवत नाही मला," ती म्हणाली होती.

"गाडीच्या पायरीवर बस. मासिकात तसं चित्र आहे."

"पायरीवरून तळं दिसेल का?"

"ते तपासायचंय अजून."

आणि आज रविवार होता. निरीक्षकांनी पिशवी भरली, टाकीत पाणी भरलं आणि किल्ली फिरवली. ट्रकवाला अधूनमधून इंजिन चालू करून ठेवत असल्यामुळे गाडी एका फटक्यात सुरू झाली. लेकीने हात हलवला. गाडी बारा-पंधरा फूट गेली, अर्धी फाटकाबाहेर पडली, आणि कर्रर्र आवाज करून तिच्या मागच्या बाजूचा तळ फाटकाखालच्या उंच पट्टीवर टेकला. पुढची चाकं गल्लीत, मागची अंगणात. गाडी पुढेही जाईना आणि मागेही येईना.

गल्लीत पावाची गाडी येऊन थांबली आणि हॉर्न वाजवू लागली. बघता बघता माणसं जमली आणि फुकटचे सल्ले सुरू झाले.

"काका, जोरात पुढे घ्या!"

"मागे घ्या, मागे! स्प्रिंगचा पाटा तुटेल."

"चाकातली हवा सोडा थोडी."

"माझ्या साडूची अशीच बसली होती."

"मग काय केलं त्याने?"

"विकली."

निरीक्षकांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "कुणी हात लावू नका. यावर लेख आलेला आहे. बहुतेक चौथ्या वर्षीचा, मार्चचा अंक."

तो अंक गाडीतच होता. सगळेच अंक गाडीत होते. घरात मासिकं राहतील नाहीतर मी, असं बायकोने पाचव्या वर्षी सांगितल्यावर निरीक्षकांनी खोकी भरून फळीखाली, फळीवर, शेगडीमागे, जागा मिळेल तिथे कोंबली होती. आता ते आत शिरले आणि एकेक खोकं बाहेर देऊ लागले. ट्रकवाल्याने ते घ्यायचं, लेकीला द्यायचं, लेकीने भिंतीशी लावायचं. पाववालासुद्धा हॉर्न सोडून रांगेत उभा राहिला, कारण त्याचे पाव गार होत होते. मार्चचा अंक अर्थातच एकतिसाव्या, म्हणजे शेवटच्या खोक्यात सापडला.

निरीक्षक अंक घेऊन गल्लीत उतरले, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचू लागले, "'गाडीची मागची बाजू टेकल्यास सर्वप्रथम अनावश्यक सामान उतरवावे.'"

"उतरलंय, साहेब," ट्रकवाला म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. गाडीची मागची बाजू पट्टीपासून चांगली वीतभर वर आली होती.

गल्ली पोट धरून हसली. लेकही हसली, वर्षभरात पहिल्यांदाच. निरीक्षक तेवढे हसले नाहीत. त्यांनी गाडी बाजूला घेतली, पावाची गाडी जाऊ दिली, आणि घरातून कचेरीने निरोपाच्या दिवशी दिलेला वजनकाटा आणला.

"बाबा, आता हे कशाला?" लेक म्हणाली.

"ही कधी मोजली नव्हती."

एकतीस खोकी मिळून भरली तीनशे अठरा किलो. आकडा लिहायला त्यांनी जुनी वही उघडली. आधीच्या पानावर त्यांचंच नेटकं अक्षर होतं. गादी, घ्यावी. शेगडी, घ्यावी. रेडिओ, नऊशे ग्रॅम, नको. घडीची खुर्ची, तिची, दोन किलो आठशे ग्रॅम, नको.

निरीक्षक एका खोक्यावर बसले. शहरभरच्या दुकानदारांना त्यांनी पाच-पाच ग्रॅमसाठी धारेवर धरलं होतं. आता त्यांनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी तिची खुर्ची काढली गं," ते म्हणाले. "चिडली असेल ना माझ्यावर?"

"चिडली होती की. चार दिवस." लेक त्यांच्याजवळ बसली. "मग म्हणाली, मोजू दे त्यांना. तेवढाच त्यांचा प्रवास."

निरीक्षकांना रडू फुटलं. गल्लीतली माणसं आपापल्या घरी गेली, ट्रकवाला तेवढा थांबला.

जरा वेळाने ते उठले, दारामागून खुर्ची काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि गाडीत ठेवली. मग ट्रकवाल्याकडे वळून त्यांनी सात वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "रस्ता कसा आहे रे?"

"पूल ओलांडला की सरळ. अडीच तास."

"एवढंच?"

"एवढंच, साहेब. वहिनींनाही हेच सांगितलं होतं. त्यांनी फक्त एक विचारलं, खुर्ची ठेवायला सपाट जागा आहे का म्हणून. आहे म्हटलं."

अडीच तास लागले. तळं होतं, सावली होती, सपाट जागाही होती. निरीक्षकांनी खुर्ची उघडून पाण्याकडे तोंड करून ठेवली आणि स्वतः गाडीच्या पायरीवर बसले. मध्ये झुडपं होती. पायरीवरून तळं दिसत नव्हतं. हेही एकदाचं तपासून झालं.

दुपारी दुसरी एक गाडी शेजारी येऊन थांबली. तिशीतलं जोडपं होतं. नवऱ्याच्या बगलेत मासिकांचा गठ्ठा आणि बायकोचा हात कमरेवर.

"काका, तुम्ही जुने भटके दिसता," नवरा म्हणाला. "यातलं कुठलं मासिक घ्यावं हो? आम्ही तीन घेतो, पण तिघांचा एकमेकांशी मेळ नाही."

निरीक्षकांनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. "यांना बसायला काही आणलंय?"

"खुर्ची होती," ती हसून म्हणाली. "पण वजन होत होतं म्हणे."

 निरीक्षक पायरीवरून उठले आणि त्यांनी खुर्चीच्या कापडावर पडलेलं पान उचललं.

"बसा."

"कुणाची आहे का?"

"आहे. पण बसा तुम्ही."

ती बसली आणि पाण्याकडे बघत राहिली. नवरा गठ्ठा सावरत चुळबुळत उभा होता. "काका, मासिकाचं सांगणार होतात..."

"तीनशे अठरा किलो आहेत घरी, सगळी घेऊन जा," निरीक्षक म्हणाले. "पण आधी तिचं तळं बघून होऊ दे."