भागीरथीबाईसाहेबांच्या एका पेटीच्या मोहिमेची बखर

श्री कुलस्वामिनी समर्थ. जी अवघे आभाळ घडी घालून सांजवेळी आपल्या ओटीत ठेविते आणि पहाटे एक सुरकुती न पडू देता बाहेर काढिते, त्या जगन्माउलीस साष्टांग दंडवत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, कार्तिक मासी भागीरथीबाईसाहेबांनी एका पेटीनिशी समुद्रापारची मोहीम कैशी फत्ते केली, ते काही डोळ्यांनी पाहिले, काही खुद्द त्यांच्या मुखे ऐकिले, तैसे लिहितो. वाचणाराने भाटगिरी म्हणू नये. आमचा स्वभाव मुळीच कोणाची तारीफ करण्याचा नव्हे, परंतु येथे हात जोडण्यावाचून इलाज राहिला नाही.

राज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. आकाराने लहान, पूर्वेस जिना, पश्चिमेस गच्ची, दक्षिणेस लिफ्ट, ती बहुतकरून बंद. महाराज त्रिंबकराव गादीवर, म्हणजे सोफ्यावर, विराजमान असत आणि गुडघ्यांच्या दुखण्याने मोहिमा सोडून वर्तमानपत्रावरूनच पृथ्वीचा समाचार घेत. त्यांची एकुलती कन्या वेणूताई, ती दूर बर्फाच्या मुलखी दिलेली. तिला दिवस गेले आणि पहिलटकरीण म्हणून आईसाहेबांनी, म्हणजे आमच्या भागीरथीबाईसाहेबांनी, बाळंतपणास यावे, थंडी सरून झाडांना पालवी फुटेतो राहावे, ऐसे ठरले. मग एके दिवशी फोनवर वेणूताई बोलल्या की, "आई, बाकी सगळं इथे मिळतं गं. तू नेसलेल्या पातळांची गोधडी मात्र आण. बाळाला पहिल्यांदा त्यातच घ्यायचंय. इथे कशालाच आपल्या घराचा वास नाही." हे ऐकून बाईसाहेबांचे डोळे भरून आले, आणि फोन खाली ठेवताच कपाट उघडून त्यांनी आपली तीन जुनी सुती पातळे काढिली. दोन नित्य नेसणीची, आणि तिसरे, फिक्या जांभळ्या रंगाचे, वेणूताईंच्या जन्माच्या वेळचे, धुऊन धुऊन ऐसे मऊ झालेले की हातात धरिले तर धरिल्याचे कळू नये. ती पातळे न फाडता, अख्खीच एकावर एक घडी घालून, त्यांनी धावदोऱ्याचे बारीक टाके घालावयास आरंभ केला आणि दिवाळीच्या पणत्या विझल्या तोवर गोधडी सिद्ध जाहली. त्या राज्याचा रिवाज ऐसा की, बाळाच्या गोधडीचा शेवटचा टाका आजीने घालू नये, तो बाळाच्या आईने घालावा. म्हणून सुई दोऱ्यासकट कोपऱ्यात खोचून ठेविली. ही सुई वाचणाराने ध्यानी धरावी, पुढे तिनेच राज्य हालविले.

आता मार्ग कैसा, ते सांगतो. विमाने दोन. मध्ये परक्या बंदरी उतरून दुसरे गाठावयाचे. जो कोणी मोठा पेटारा विमानाच्या पोटात देईल, त्याने त्या बंदरी पट्ट्यापाशी उभे राहून तो सोडवावा आणि पुन्हा दुसऱ्या विमानास नेऊन द्यावा. तेवढ्यात दुसरे विमान निघून जाई आणि त्यानंतरचे आठवड्याने. वैद्यांनी तर सांगितले होते की बाळ कोणत्याही दिवशी येईल. तेव्हा पेटारा नेला तर नातवंड आजीआधी पोहोचणार आणि लेक परमुलखी एकटी पडणार, हे उघड दिसत होते. उरली ती चाकांची लहान पेटी, डोईवरच्या फळीत मावेल ऐशी, वजन सात किलो, त्यावर मासाभर चालणार नाही. एवढ्यात चार महिन्यांचे कपडे, बर्फाचे कपडे, बाळंतविडा आणि गोधडी! ही वार्ता फुटताच राज्यात हाहाकार जाहला. महाराजांच्या वडील भगिनी द्वारकाबाई, ज्या जिन्यापलीकडच्या संस्थानात राहत, त्या तडक आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, लेकीकडे एवढीशी पिशवी घेऊन जाणार? भाजी आणायला निघाल्यासारखी? जावई काय म्हणतील?" बाईसाहेब म्हणाल्या, "वन्सं, जावई काहीही म्हणोत. वेणू 'आई' म्हणेल तेव्हा मी तिथे पाहिजे." यावर द्वारकाबाई चहास बसल्या.

मग महाराजांचे धाकटे बंधू दिनकरराव, ज्यांनी मोबाईलवर देशोदेशींच्या पंडितांची पेटी भरण्याची प्रवचने श्रवण केली होती आणि स्वतः एका पाठपिशवीनिशी पुष्कळ मुलूख पाहिले होते, त्यांस जामदारखाना, म्हणजे कपड्यांचे कपाट, सोपविला. त्यांनी कपाटातील अवघे कपडे पलंगावर मांडविले, आणि ते दृश्य पाहून आम्हास घेरी आली, कारण पलंग दिसेनासा झाला. परंतु दिनकरराव डगमगले नाहीत. म्हणाले, "वहिनी, जे एका दिवसात वाळत नाही ते नाही. जे दुसऱ्या कशावरच शोभत नाही ते नाही. आणि 'लागलं तर असू दे' हे तर मुळीच नाही." ऐसे म्हणोन त्यांनी लागलं तर असू दे या जातीचे सैन्य वेगळे काढिले, तेव्हा निम्मा पलंग रिकामा जाहला. मग उरलेल्या कपड्यांच्या घड्या न घालता घट्ट वळकट्या केल्या, मोजे बुटांत भरिले, झबली टोपड्यांत कोंबिली, टोपडी पेटीच्या कोपऱ्यांत दडविली आणि जाड बूट व स्वेटर अंगावर घालूनच निघावे ऐसे ठरविले. काय सांगावे! चार महिने त्या पेटीत गेले आणि वर वीतभर जागा राहिली. द्वारकाबाई चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहत्या जाहल्या. तोच शेजारच्या संस्थानांत खबर गेली आणि आमच्या लोकांची रीत मोठी दिलदार, जाणाऱ्यास रिकामे जाऊ देणे त्यांस ठाऊकच नाही. कोणी झबले आणिले, कोणी कुंची आणिली, कोणी विणलेले मोजे आणिले, आणि जो तो म्हणे, "एवढंसं तर आहे, त्याला काय जागा लागते?" बाईसाहेबांनी कोणास नाही म्हटले नाही. सर्व वस्तू घेतल्या, डोळ्यांस लाविल्या, आणि वीतभर जागा बोटभर जाहली.

आता गोधडीची पाळी आली. गोधडी उशीएवढी फुगलेली, जागा बोटभर. सर्वांचे चेहरे उतरले. तेव्हा दिनकररावांनी हसत एक जाड प्लॅस्टिकची थैली काढिली, गोधडी तीत घातली, घर झाडण्याच्या यंत्राची नळी तोंडास लाविली आणि हवा ओढिली. ओढता ओढता गोधडी आकसत गेली आणि पाहता पाहता पापडासारखी चपटी होऊन पेटीत बसली. चेन लागली. महाराज सोफ्यावरून उठून टाळ्या वाजविते जाहले, गुडघ्यांची आठवण राहिली नाही. आम्हीही चकित होऊन तोंडात बोट घातले. परंतु दैवगती विलक्षण! पेटी दाराशी ठेवून सर्व मंडळी दुपारी जेवावयास बसली, तो मागे बारीक कुरकुर ऐकू आली. वळून पाहतात तो पेटी श्वास घेते आहे. हळूहळू तिचे पोट वर आले, मग चेन तटतट उसवली आणि गोधडी डोके वर काढून सर्वांकडे पाहू लागली. शेवटच्या टाक्याची ती सुई, जी रिवाजाप्रमाणे कोणी काढिली नव्हती, तिने थैलीस भोक पाडिले होते. थैली फाटली, चेन तुटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कूच.

महाराजांनी आपली जुनी पेटी माळ्यावरून काढवून दिली, परंतु दुसरी थैली कोठून आणावी? आणली तरी सुई काढावयास द्वारकाबाई तयार होईनात. म्हणाल्या, "सुई काढायची नाही. काढली तर शेवटचा टाका अर्धवट मोडेल, ते पहिल्या बाळाला चालणार नाही." दिनकरराव खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, मग गरम कपडे ठेवून जा नाहीतर गोधडी ठेवून जा. तिसरी वाट मला दिसत नाही." बर्फात गरम कपड्यांवाचून जाणे म्हणजे आपणच अंथरूण धरून लेकीस सेवा करावयास लावणे, आणि गोधडी ठेवून जाणे म्हणजे लेकीने जे एक मागितले तेच न देणे. बाईसाहेब बराच वेळ गोधडीवरून हात फिरवीत बसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, कात्री द्या." आणि आमच्यादेखत त्यांनी गोधडीचे टाके उसवावयास घेतले. द्वारकाबाई मोठ्याने रडू लागल्या, महाराज खिडकीकडे तोंड करून राहिले. दिवाळीपर्यंत घातलेले टाके, त्यांचा दोऱ्यांचा एक पुंजका जाहला. बाईसाहेबांच्या डोळ्यांतही पाणी होते, परंतु हात थांबला नाही. तिन्ही पातळे मोकळी होताच ती स्वच्छ धुऊन गच्चीवर वाळत घातली, आणि कार्तिकातल्या वाऱ्याने ती दिवस मावळेपर्यंत कोरडी जाहली. त्यांचा बेत तोवर कोणासही कळला नाही.

सकाळी बाईसाहेब खोलीतून बाहेर आल्या आणि सर्व राज्य थक्क जाहले. तिन्ही पातळे त्यांनी एकावर एक नेसली होती, वर स्वेटर, पायी जाड बूट, आणि रुंदी ऐशी की दारातून तिरके व्हावे लागले. म्हणाल्या, "पेटीचं वजन करतात, माझं कोण करणार?" दिनकरराव, ज्यांनी इतक्या पंडितांस ऐकिले होते, त्यांनी पुढे होऊन वहिनींच्या पायांस हात लाविला. आम्ही तो प्रसंग जन्मात विसरणार नाही.

मग विमानतळी पोहोचल्या. तराजूवर पेटी ठेविली, काटा सातापाशी थरथरला आणि थांबला. परंतु पुढे झडतीची चौकी. तेथील बाईने हात फिरविला आणि तिच्या भुवया वर गेल्या. "मावशी, किती थर आहेत हे?" ऐसे ती कडक आवाजात विचारती जाहली. बाईसाहेब म्हणाल्या, "तीन, बाळा. लपवलेलं काही नाही. मुलीचं बाळंतपण आहे, तिची गोधडी आहे ही. तिथे जाऊन पुन्हा शिवणार." ती बाई क्षणभर पदर चिमटीत धरून राहिली. मग म्हणाली, "माझ्या आईनेही शिवली होती. या तुम्ही." आणि वाट दिली. मधल्या बंदरी पट्ट्याभोवती शेकडो लोक आपापल्या पेटाऱ्यांची वाट पाहत खोळंबले होते, आणि त्यांच्यामधून बाईसाहेबांची स्वारी, एका हाती पेटी, दुसऱ्या हाती निऱ्या, ऐशी गेली की लोक बाजूस झाले. दुसऱ्या विमानाचे दार लागता लागता त्या आत शिरल्या. साठी उलटलेली बाई, जिने पूर्वी कधी एकटीने जिल्हा ओलांडला नव्हता! लिहिताना आजही अंगावर काटा येतो.

बर्फाच्या मुलखी उतरल्या तो जावई अनिरुद्धराव दाढी वाढलेल्या अवस्थेत उभे. म्हणाले, "आई, बाळ आलं. आज पहाटेच. मुलगी आहे. दोघी ठीक आहेत, पण वेणू सारखी दाराकडे बघतेय." घरी न जाता थेट दवाखान्यात गेले. वेणूताई फिकट पडलेल्या, बाजूस बाळ दवाखान्याच्या पांढऱ्या टॉवेलात. आईस पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि मग नजर त्या एवढ्याशा पेटीवर गेली. हळूच म्हणाल्या, "आई, गोधडी नाही मावली ना? असू दे गं. तू आलीस ना." ऐसे म्हणून त्या बाळाचा टॉवेल सारखा करू लागल्या.  बाईसाहेबांनी जावयास बाहेर धाडिले, पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला आणि स्वेटर काढिला. मग वरचे पातळ सोडिले, त्यावर दोन विमानांची धूळ होती, ते बाजूस टाकिले. सर्वांत आतले अंगाच्या घामाने ओले, ते तैसेच नेसलेले राहू दिले. आणि मधले, जे फिके जांभळे, वेणूताईंच्या जन्माच्या वेळचे, ज्यास धूळ लागली नाही आणि घामही लागला नाही, ते सोडून चौपदरी घडी घातली आणि त्यात नातीस घेऊन लेकीच्या कुशीत दिली. ते मध्येच का नेसले होते, ते वेणूताईंस तेव्हा उमगले. त्यांनी पातळास गाल लाविला. मग म्हणाल्या, "आई, अजून गरम आहे गं."

तात्पर्य इतुकेच. पेटीत राहिली असती तर गोधडी थंड पोहोचली असती. पुढे हिवाळाभर त्याच तीन पातळांची गोधडी पुन्हा शिवली आणि शेवटचा टाका वेणूताईंनी मुलीस मांडीवर घेऊन घातला. बाईसाहेब पालवी फुटल्यावर परत आल्या, तेव्हा अंगावर लेकीने घेऊन दिलेला परदेशी झगा आणि पेटी जवळजवळ रिकामी. महाराजांनी दार उघडून प्रथम विचारिले, "कोण पाहिजे?" आणि ओळख पटल्यावर गुडघ्यांचे दुखणे विसरून पेटी स्वतः आत नेली. येथे दोरा संपला, गाठ मारिली.