पिल्लांचा पाहुणचार

पिल्लं सांभाळणं म्हणजे असं काय मोठं काम आहे हो? बावीस वर्षं सलून चालवतोय मी. रडणाऱ्या, लाथा झाडणाऱ्या पोरांचे केस कापलेत! त्यामुळे बायको दोन दिवस माहेरी निघाली, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "तू बिनघोर जा. तुझी पंधरा पिल्लं माझी जबाबदारी!"

कोंबडीची पिल्लं, जेमतेम आठवड्याची. अंड्यांचा छोटासा धंदा करायचं बायकोच्या कितीतरी दिवसांपासून मनात होतं, म्हणून तिनं एकेक निवडून आणलेली. जाताना दहादा बजावलं, "पिशवीतलं खाद्यच द्या. आणि खोक्यावरचा दिवा बंद करू नका!"

खाद्य बघितलं. नुसता भुगा! असलं कोरडं खाऊन कोवळ्या जिवांचं कसं व्हायचं? मी मस्तपैकी दूध-पाव कुस्करून दिला. पिल्लांनी ताव मारला. उकडत असेल म्हणून दिवाही बंद केला आणि स्वतःवरच खूश होऊन झोपलो.

सकाळी बघतो तर पिल्लं पिसं फुगवून एका कोपऱ्यात गोळा झालेली. उचलून पाहिलं. सगळ्यांची पोटं बिघडलेली, आणि मागे विष्ठा वाळून घट्ट चिकटलेली! खोकं, दिवा, खाद्याची पिशवी, सगळं स्कूटरवर लादलं आणि थेट सलून गाठलं. गरम पाणी, कापूस, टॉवेल तिथेच ना!

दारात आमच्या शाळेचे हेडमास्तर उभे! दाढीसाठी. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण गल्ली अजून त्यांना टरकते. त्यांना कसं परत पाठवणार? खुर्चीत आडवं केलं, तोंडावर गरम टॉवेल टाकला आणि मागे जाऊन गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. हात मोकळे हवेत म्हणून स्पीकर चालू ठेवला.

"मागची जागा बंद झालीय? मग वेळ घालवू नका, जिवावर बेतेल!" डॉक्टर म्हणाले. "कोमट पाण्याच्या कापसानं मऊ करा. ओढू नका, कातडी निघेल!"

हेडमास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"कात्री लावू का?" मी विचारलं.

"लावा, पण जपून. आणि नीट धरा, धडपडेल!"

हेडमास्तर टॉवेलासकट उठले! "खबरदार! मी फक्त दाढीला आलोय!" त्यांचा पाय लागून खोकं कलंडलं आणि पिल्लं सलूनभर झाली. आत येणारं गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच परत फिरलं.

"सर, दार लावा हो!" मी अक्षरशः रडकुंडीला आलो. "यातलं एक जरी दगावलं तरी बायकोला तोंड दाखवायची सोय नाही!"

हेडमास्तरांनी टॉवेल काढला, चष्मा लावला. "काय खायला घातलंस?"

"दूध-पाव."

"पिशवीवर काय लिहिलंय?"

"वाचलं नाही."

"वाटलंच! शाळेतही प्रश्न न वाचताच उत्तरं लिहायचास!"

मग मी जमिनीवर आणि हेडमास्तर स्टुलावर. ते पिल्लू धरणार, मी कापसानं पुसणार. मधूनच मला ओरडत, "हळू! हळू!" आणि मधूनच पिशवी वाचून दाखवत, "पिल्लांना फक्त हेच खाद्य. उथळ भांड्यात स्वच्छ पाणी. ऊब कायम." पुसलेलं पिल्लू कोरडं करून दिव्याखाली. डॉक्टरही फोनवरून विचारत होते, "कितवं झालं?"

शेवटचं सगळ्यात लहान. डोळे मिटलेले, मान टाकलेली. कितीतरी वेळ पुसत राहिलो. एकदाचं ते मोकळं झालं, हेडमास्तरांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर!

"शाबास!" हेडमास्तर म्हणाले. पिल्लाला. दहा वर्षांच्या शाळेत मला एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी बायको आली. पंधराच्या पंधरा पिल्लं टुणटुणीत, खाद्य टिपतायत! मी एक अक्षर बोललो नाही. हेडमास्तर मात्र संध्याकाळी मुद्दाम घरी आले आणि सगळं सविस्तर सांगून गेले.

गेल्या आठवड्यात ती पुन्हा माहेरी गेली. पिल्लं हेडमास्तरांकडे ठेवली आणि मला बरोबर घेऊन गेली. एकट्याला मागे ठेवायला तिचा जीव होत नव्हता म्हणे!